ताऱ्यांचं फिजिक्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (इंदूर, बीएस्सी तिसरं वर्ष)

सुदामानगरवाला

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, बीएस्सी तिसऱ्या वर्षाला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. घरी मराठी आणि बाहेर सगळं हिंदी, त्यामुळे मध्ये हिंदी शब्द आले तर चालवून घ्या. मला पुढे ताऱ्यांचंच करायचंय. टेलिस्कोपने ग्रह बघणं वगैरे नाही, तारा आतून कसा चालतो, इतकी वर्षं टिकतो कसा, शेवटी त्याचं काय होतं, हे समीकरणांसकट समजून घ्यायचंय. आमच्याकडे ॲस्ट्रोफिजिक्सचा पेपर नावाला आहे, त्याच्या नोट्स म्हणजे व्याख्या पाठ करा आणि एच-आर डायग्राम (ताऱ्यांचं तेज आणि तापमान यांचा आलेख) काढून दाखवा, बस. तो डायग्राम तसाच का येतो असं विचारलं तर सिलॅबसमध्ये नाही म्हणाले.

मग मी लायब्ररीतून स्टेलर स्ट्रक्चरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. सुरुवातीलाच चार डिफरन्शियल इक्वेशन्स. एकेकटं घेतलं तर कळतं, म्हणजे आत जाऊ तसा दाब वाढतो, थराथराने वस्तुमान जमत जातं, उष्णता बाहेर येते वगैरे, पण चारही एकत्र मांडली की पुढे करायचं काय तेच कळत नाही. आणि एका ठिकाणी तर पार अडकलोय. पुस्तकात लिहिलंय की तारा ऊर्जा गमावतो तेव्हा तो आणखी तापतो. हे थर्मोडायनॅमिक्समध्ये आजवर शिकलो त्याच्या बरोब्बर उलट झालं ना? वर्गात विचारलं तर "विरियल थिअरम लाव" (गतिज आणि गुरुत्वीय ऊर्जेचं ठरलेलं नातं) एवढंच सांगितलं, लावला, उत्तर आलं, पण पटलं काही नाही.

तर प्रश्न असे की कोणते विषय आधी पक्के करू, रिलेटिव्हिटी वगैरे लागते का, आणि इथे इंदूरजवळ सिमरोलला आयआयटीत एमएस्सी ॲस्ट्रोनॉमी आहे त्यासाठी जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) द्यावी की साधं एमएस्सी फिजिक्स करावं. बाबांचं म्हणणं बीएड करून मोकळा हो. इंदूरचं आकाश तर आता असं झालंय की गच्चीवरून मोजके तारे दिसतात, त्यामुळे निरीक्षणाचं काही होईल असं वाटत नाही.

---

सिमरोल_ते_पुणे

भिया, ते पुस्तक परत करू नकोस पण आत्ता महिनाभर बाजूला ठेव. तुझा प्रॉब्लेम समीकरणांचा नाहीये, त्या समीकरणांत कोणते आकडे राहतात ते तू अजून पाहिलेलं नाहीस एवढंच आहे. ही चार समीकरणं सोडवायच्या आधी त्यांच्याकडून अंदाज काढून घ्यायला शिक, कागद-पेन घेऊन, कॅल्क्युलेटरसुद्धा शेवटी. या विषयात जी मंडळी खरी तयार असतात ना ती सगळी हे करतात आणि आपल्याकडे कोणी शिकवतच नाही, थेट डेरिव्हेशन फळ्यावर.

सूर्य घे. वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलो, त्रिज्या ७ लाख किलोमीटर. पहिला प्रश्न स्वतःला विचार, आतला दाब एकदम बंद केला तर सूर्य कोसळायला किती वेळ लागेल? यात फक्त जी (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक) आणि सरासरी घनता येते, दुसरं काही येऊच शकत नाही, आणि उत्तर येतं अर्धा तास. अर्धा तास! आणि सूर्य ४६० कोटी वर्षं जागचा हललेला नाही. म्हणजे दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल किती काटेकोर आहे ते एका ओळीत समजलं, आता हायड्रोस्टॅटिक इक्विलिब्रियमचं समीकरण पुन्हा बघ, ते वेगळं दिसेल तुला.

दुसरा, केंद्राचं तापमान. दाबाच्या समीकरणात डी-पी बाय डी-आर च्या जागी सरळ केंद्राचा दाब भागिले त्रिज्या ठेव, कॅल्क्युलस विसर. दाब येतो जी गुणिले वस्तुमानाचा वर्ग भागिले त्रिज्येचा चौथा घात. मग आयडियल गॅसचं समीकरण लाव, घनता म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा घन. दोन्ही जुळव आणि तापमान काढ. एका कणाचं सरासरी वस्तुमान प्रोटॉनच्या ०.६ पट धर (हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात म्हणून एकापेक्षा कमी). उत्तर मी सांगत नाही, तू काढ आणि इथे टाक.

तिसरा, सूर्य फक्त आकुंचन पावून चमकत असता तर किती वर्षं पुरला असता? गुरुत्वीय ऊर्जा भागिले तेज, तेज ३.८ गुणिले १० चा २६ वा घात वॅट. साधारण ३ कोटी वर्षं येतात. केल्विन आणि हेल्महोल्ट्झ इथेच येऊन अडकले होते, कारण भूगर्भवाले म्हणत होते की पृथ्वीच त्याहून कितीतरी जुनी आहे. आता हायड्रोजनचं हेलियम होताना ०.७ टक्के वस्तुमान ऊर्जेत जातं, सूर्याचा साधारण दहावा हिस्सा हायड्रोजनच कामी येतो असं धर आणि परत भाग. १००० कोटी वर्षं. अर्धा तास, ३ कोटी वर्षं, १००० कोटी वर्षं, हे तीन आकडे ज्याला मनापासून कळले त्याला ती चार समीकरणं कशी बसतात ते कळलंच, कारण तारा एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गतींनी जगतो आणि म्हणूनच आपण त्याला प्रत्येक क्षणी तोलात आहे असं धरून चालू शकतो.

विषयांचं म्हणशील तर स्टॅट मेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) सगळ्यात आधी, आणि नीट. मॅक्सवेल-बोल्ट्झमन आणि फर्मी-डिरॅक दोन्ही. मग क्वांटममधलं टनेलिंग आणि हायड्रोजन अणू. न्यूक्लियर बाइंडिंग एनर्जीचा कर्व्ह. जनरल रिलेटिव्हिटी न्यूट्रॉन ताऱ्यापर्यंत लागत नाही, स्पेशल मात्र व्हाइट ड्वार्फला (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) लागते. हे सगळं तुझ्या बीएस्सीतलंच आहे बघ. ताऱ्यांचं फिजिक्स असं वेगळं काही नसतंच, जे पेपर तू सेमिस्टरवार वेगवेगळे दिलेस ते इथे एका जागी येतात.

जॅम दे, विचार करू नको. फिजिक्सचा पेपर एकच असतो आणि त्यावर सिमरोलची ॲस्ट्रोनॉमीही मिळते आणि दुसरीकडचं फिजिक्सही, निवड नंतर कर.

---

मांडवीकर_बडोदा

वरचं सगळं बरोबर, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी बडोद्याचा, एमएस युनिव्हर्सिटीतून फिजिक्स केलं. आकाश दिसत नाही म्हणून निरीक्षणाचं होणार नाही हे डोक्यातून काढून टाक. ताऱ्याच्या आतलं बघायला गच्ची तशीही उपयोगाची नाही, आपल्याला दिसतो तो सूर्य म्हणजे वरचा काही शे किलोमीटरचा पापुद्रा. आतलं कळतं ते दोनच गोष्टींनी, एक आवाज आणि दुसरे न्यूट्रिनो (केंद्रातून सुटणारे, जवळजवळ कशालाच न अडणारे कण).

आवाज म्हणजे खरोखर ध्वनिलहरी. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५ मिनिटांच्या लयीत वरखाली होत असतो, १९६० च्या दशकात हे सापडलं, आणि नंतर कळलं की आत अडकलेल्या ध्वनिलहरींमुळे ते होतं. काही लहरी उथळ जाऊन परततात, काही खोल. कोणत्या खोलीवर आवाजाचा वेग किती हे त्यावरून मागे काढता येतं, आणि आवाजाचा वेग म्हणजे तापमान आणि कणाचं सरासरी वस्तुमान, म्हणजे तुला वर सांगितलेलाच गॅसचा नियम. यासाठी लागतं काय तर सूर्य न मावळता सतत दिसत राहायला हवा, म्हणून जगभर सहा ठिकाणी एकसारखी यंत्रं बसवली आहेत, त्यातलं एक आपल्या शेजारी उदयपूरला फतेहसागर तलावातल्या बेटावरच्या सौर वेधशाळेकडे आहे, अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेची वेधशाळा ती. तलावात का, तर पाण्यामुळे जमीन तापून हवा थरथरत नाही, प्रतिमा स्थिर मिळते. या पद्धतीने कळलं की सूर्यात आतून साधारण ७१ टक्के त्रिज्येपर्यंत उष्णता किरणांनी वर येते आणि तिथून पुढे गॅस उकळत वर येतो. अख्ख्या सूर्याला कापल्याशिवाय हा आकडा दोन-तीन दशांशांपर्यंत माहीत आहे, मला हे अजूनही फार मोठं वाटतं.

न्यूट्रिनोची गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याने आकड्यांसकट करावी. आपल्या अंगाच्या दर चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला साधारण ६५०० कोटी सौर न्यूट्रिनो जातात. रे डेव्हिस यांनी अमेरिकेत साउथ डकोटातल्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खोल जवळजवळ ६०० टन ड्रायक्लीनिंगचं रसायन टाकीत भरून त्यातले काही मोजके पकडले आणि आले अपेक्षेच्या एक तृतीयांश. सगळे म्हणाले सूर्याचं मॉडेल चुकलंय, केंद्राचं तापमान थोडं कमी असेल. आणि ते म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं, कारण डेव्हिस यांना दिसणाऱ्या बोरॉनवाल्या न्यूट्रिनोंची संख्या तापमानाच्या साधारण २५ व्या घाताने बदलते. करून बघ, एक तृतीयांश करायला तापमान फक्त ४-५ टक्के कमी लागतं. पण ध्वनिलहरी सांगत होत्या की मॉडेलमधला आवाजाचा वेग एक टक्क्याच्याही आत बरोबर आहे, एवढी सवलत तिथे नाहीच. म्हणजे सूर्यवाले बरोबर होते आणि चूक न्यूट्रिनोच्या समजुतीत होती, ते वाटेत जात बदलतात, २००१-०२ मध्ये कॅनडातल्या जड पाण्याच्या प्रयोगाने ते दाखवलं. ताऱ्याचं मॉडेल इतकं पक्कं होतं की त्याने कणभौतिकीला दुरुस्त केलं. बाबांना हे सांग.

आणि हातात काहीतरी हवं तर लॅपटॉपवर गाया उपग्रहाचा डेटा उतरव, फुकट आहे, २०२२ च्या यादीत १८० कोटींच्या आसपास तारे आहेत. कृत्तिका आणि रोहिणीजवळचा हायडीज गुच्छ असे दोन घे, दोन्हीचे एच-आर डायग्राम पायथॉनमध्ये काढून एकावर एक ठेव. कृत्तिकांमध्ये वर डावीकडे निळे तापट तारे आहेत, हायडीजमध्ये ते गायब. कारण कृत्तिका १०-१२ कोटी वर्षांच्या आणि हायडीज ६० कोटींच्या पुढे, तेवढ्यात जड तारे आटपून गेले. (रोहिणी तारा स्वतः त्या गुच्छातला नाही, तो मध्ये आपल्या बाजूला जवळ आहे, दृष्टिरेषेत येतो एवढंच, म्हणून अंतराची अट लावूनच तारे गाळ.) नोट्समधला डायग्राम पाठ करणं आणि हा स्वतः काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

सुदामानगरवाला

दादा दोघांनाही मनापासून धन्यवाद. कालपासून तेच करून राहिलोय. तापमान काढलं, १.४ कोटी केल्विन आलं, आणि पुस्तकात शेवटी कोष्टकात बघितलं तर १.५ कोटी! दाब मात्र माझा १० चा १५ वा घात पास्कल आणि पुस्तकात त्याच्या वीसेक पट जास्त, तापमान बरोबर आणि दाब एवढा कमी कसा ते कळलं नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की या गणितात मी फ्यूजन (हायड्रोजनचं हेलियम होणं) कुठे वापरलंच नाही. फक्त वस्तुमान, त्रिज्या आणि गॅस. मग फ्यूजनमुळे सूर्य तापतो हे जे शाळेपासून ऐकतोय त्याचं काय करायचं? आणि ते ऊर्जा गमावून तापण्याचं अजूनही तसंच अडकलंय.

---

मास्तरीणबाई_रामबाग

बाळा, तू विचारलास तो प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी होळकर सायन्स कॉलेजात शिकले आणि नंतर आयुष्यभर बीएस्सी-एमएस्सीला थर्मल आणि स्टॅट मेक शिकवलं, आता निवृत्त आहे.

आधी दाबाचं. तू सगळीकडे सरासरी घनता धरलीस. खरा सूर्य केंद्रात फार दाट आहे, सरासरी १.४ ग्रॅम दर घनसेंटीमीटर आणि केंद्रात १५० च्या आसपास. दाबात घनता आणि तापमान दोन्ही येतात म्हणून तिथे फरक पडला. तापमान मात्र खोलीवर, म्हणजे गुरुत्वीय विहीर किती खोल आहे त्यावर ठरतं, आणि ती घनतेच्या वाटपाने फारशी बदलत नाही.

आता मुख्य. तापायचं आधी घेऊ. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतोय, वरच्या विरळ हवेचं घर्षण लागतं, ऊर्जा जाते, तो खाली येतो आणि त्याचा वेग वाढतो. हे तू मेकॅनिक्समध्ये केलंयस आणि तिथे तुला खटकलं नाही. ताऱ्यातला प्रत्येक कण त्याच अवस्थेत आहे, गुरुत्वाकर्षणाने बांधलेला. विरियल सांगतो की एकूण ऊर्जा ही गतिज ऊर्जेइतकीच, पण ऋण. तारा प्रकाश टाकतो, एकूण ऊर्जा आणखी ऋण होते, म्हणजे गतिज ऊर्जा तेवढीच वाढायलाच हवी, आणि गॅसची गतिज ऊर्जा म्हणजेच तापमान. पैसे कुठून आले? तारा आकसला, गुरुत्वीय ऊर्जा सुटली, त्यातली अर्धी बाहेर गेली आणि अर्धी आत उष्णता म्हणून राहिली. तुला थर्मोडायनॅमिक्समध्ये शिकवलेली भांडी सगळी भिंतींच्या आत होती, आकारमान ठरलेलं, म्हणून तिथे ऊर्जा गेली की थंड. इथे भिंत नाही, स्वतःचं वजनच भिंत आहे आणि ती सरकते. म्हणून ताऱ्याची उष्णताधारकता ऋण. एकदा ही गोष्ट मनात बसली की ताऱ्याचं सबंध आयुष्य त्यातून उलगडतं.

आता फ्यूजन. तू म्हणतोस गणितात ते आलंच नाही, बरोबर आहे, यायचंच नव्हतं. तारा किती तेजस्वी असेल तेसुद्धा फ्यूजन ठरवत नाही. खाली करून बघ. प्रकाश आतून बाहेर झिरपत येतो, त्याचा प्रवाह तापमानाच्या चौथ्या घाताच्या उतारावर आणि गॅसच्या अपारदर्शकतेवर ठरतो. तेज साधारण त्रिज्या गुणिले तापमानाचा चौथा घात भागिले घनता, असं प्रमाणात लिही. तापमान वस्तुमान भागिले त्रिज्या, घनता वस्तुमान भागिले त्रिज्येचा घन. घाल. त्रिज्येचे सगळे घात एकमेकांना खाऊन जातात आणि उरतो फक्त वस्तुमानाचा घन. त्रिज्या उडाली, केंद्रात काय जळतंय त्याचा संबंधच आला नाही. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी १९२४ मध्ये वस्तुमान आणि तेज यांचं नातं काढलं तेव्हा ताऱ्याची ऊर्जा येते कुठून हे कोणालाच ठरवता आलेलं नव्हतं, फ्यूजनवरचं बेथे यांचं काम १९३९ चं. तरी एडिंग्टन यांचा आलेख ताऱ्यांवर बसला.

तर मग फ्यूजन करतं काय? ते गळती भरून काढतं आणि आकुंचन थांबवतं, बस. आकसत तापत जाणारा तारा अशा तापमानाला पोचतो की तिथे प्रोटॉन टनेलिंगने (पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळा पार करून) एकमेकांत शिरू लागतात, आणि जेवढं बाहेर जातंय तेवढं आत निर्माण होऊ लागलं की तो थांबतो. आणि हा समतोल स्थिर का, तर परत तीच ऋण उष्णताधारकता. समजा फ्यूजन थोडं जास्त झालं, ऊर्जा वाढली, तारा प्रसरण पावतो आणि थंड होतो, फ्यूजन मंदावतं. कमी झालं तर आकसतो, तापतो, फ्यूजन वाढतं. तुला जी गोष्ट पटत नव्हती तीच सूर्याचा थर्मोस्टॅट आहे. ती तशी नसती तर सूर्य केव्हाच बॉम्बसारखा गेला असता. आणि सूर्य किती सावकाश जळतो तेही भागाकार करून बघ, तेज भागिले वस्तुमान, किलोमागे ०.२ मिलीवॅटसुद्धा नाही, माणसाचं शरीर किलोमागे त्याच्या हजारो पट उष्णता देतं. सूर्य मोठा आहे म्हणून तेजस्वी आहे.

एक प्रकाशरेषांचं गणितही कर, स्टॅट मेक तिथे डोळ्यांना दिसतं. व्याध आणि अभिजित यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या बामर रेषा ठळक आहेत, सूर्यात त्या मानाने फिक्या, आणि काक्षीत (मृगातला थंड तांबडा तारा) तर अगदीच क्षीण. म्हणून पूर्वी वाटायचं की सूर्यात हायड्रोजन थोडाच आहे. बामर रेषेसाठी इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर हवा, ती १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर. ५८०० केल्विनला के-टी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतं. बोल्ट्झमन लाव, दुसऱ्या पातळीत जागा चौपट आहेत ते धर, १०० कोटी अणूंत ५-६ च वर सापडतील. १०,००० केल्विनला तेच लाखात ३. तापमान दुपटीलाही पोचलं नाही आणि संख्या हजारो पट. आणखी तापवलं तर इलेक्ट्रॉन सुटूनच जातो आणि रेषा परत फिकी, तो हिशोब मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणाने होतो. सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ते समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ रसेल यांच्या सांगण्यावरून त्यांना आपल्याच निष्कर्षापुढे हा आकडा खरा नसावा असं लिहावं लागलं, आणि चारच वर्षांनी रसेल स्वतः त्याच उत्तराला पोचले. एक समीकरण कलकत्त्याच्या तरुणाचं, ते वापरलं पंचविशीतल्या मुलीने, आणि विश्व कशाचं बनलंय ते कळलं. वर्गात हे सांगताना मला दरवर्षी भरून यायचं.

बाबांशी भांडू नकोस. बीएड नंतरही करता येतं, जॅमचं वय मात्र हेच.

---

पालक_स्नेहलतागंज

मी फिजिक्सवाला नाही, मुलगी याच वाटेवर आहे म्हणून वाचतोय. बाबांना एवढं सांग की एमएस्सीनंतर पीएचडीला नेट, जेस्ट अशा परीक्षांतून गेलेल्या मुलांना फेलोशिप मिळते, घरून पैसे लागत नाहीत. संशोधन संस्था म्हणशील तर आयुका पुण्याला, आयआयए बंगळुरूला, एरीज नैनितालला, पीआरएल अहमदाबादला, सगळीकडे मराठी मुलं आहेत. संशोधनात नाही गेला तरी डेटाचं आणि कोडिंगचं काम हाताखालून गेलेलं असतं, उपाशी कोणी राहत नाही. मलाही आधी हीच धास्ती होती, मुलीच्या सरांशी बसून बोललो तेव्हा गेली, त्यांनाही कोणा सरांना भेटव.

---

सिमरोल_ते_पुणे

बाईंनी लिहिलं ते प्रिंट काढून ठेव. एकच जोड देतो, तो थर्मोस्टॅट कुठे बिघडतो ते बघ म्हणजे पुढचा अर्धा विषय उघडतो. गॅस खूप दाबला गेला की इलेक्ट्रॉन फर्मी-डिरॅकच्या नियमाने दाब देतात आणि त्या दाबाला तापमानाशी देणंघेणं नसतं. मग फ्यूजन वाढलं तरी तारा फुगत नाही, फुगत नाही म्हणून थंड होत नाही, आणि तापत सुटतो. सूर्यासारख्या ताऱ्यात शेवटाकडे हेलियम असंच भडकतं. आणि इंधन संपलेल्या व्हाइट ड्वार्फमध्ये तेच इलेक्ट्रॉन वजन पेलतात, पण वजन वाढत गेलं की इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या जवळ जातो, दाब लवचिक राहत नाही, आणि सूर्याच्या १.४ पटीला हिशोब संपतो. चंद्रशेखर १९३० मध्ये जहाजातून इंग्लंडला जाताना, वय १९, यावर काम करत होते. १९३५ मध्ये एडिंग्टन यांनी भर सभेत ते उडवून लावलं, त्याच एडिंग्टन यांनी ज्यांचं वस्तुमान-तेजाचं नातं तू आत्ता काढलंस. नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

आता पुस्तक परत उघड आणि लेन-एम्डेन समीकरण (दाब घनतेच्या ठरावीक घाताने बदलतो असं धरून ताऱ्याची रचना देणारं, तो घात एन या आकड्यावरून ठरतो) कॉम्प्युटरवर सोडव. एन बरोबर ० आणि १ साठी हातानेही उत्तर येतं, त्यावर आधी कोड तपास, मग ३ टाक, एडिंग्टन यांचं मॉडेल तेच.

---

सुदामानगरवाला

उपग्रहावरून एकदम पटलं बाई, तेच प्रॉब्लेम मागच्या वर्षी परीक्षेत सोडवलं होतं आणि कधी ताऱ्याशी जोडलं नाही. तेजाचं प्रमाण पण काढलं, त्रिज्या खरंच उडते! आई जेवायला बोलावत होती आणि मी कागदावर घात कापत बसलो होतो.

लेन-एम्डेनही केलं. एन बरोबर १ ला घनता पाय या आकड्यावर शून्य झाली, ३.१४१५, तेव्हा कोडवर भरवसा बसला. ३ ला ६.८९७ आलं आणि केंद्राची घनता सरासरीच्या ५४ पट. पण बाईंनी लिहिलेल्या आकड्यांनी बघितलं तर १५० भागिले १.४, म्हणजे शंभराच्या वर. मॉडेल निम्म्यावरच का थांबतं? पायरी बारीक करून पाहिली, आकडा हलत नाही.

---

मास्तरीणबाई_रामबाग

हलणार नाही, तुझं गणित बरोबर आहे. ते मॉडेल धरून चालतं की तारा सगळीकडे एकाच मिश्रणाचा आहे आणि दाब-घनतेचं नातंही सगळीकडे एकच. सूर्याचं तसं राहिलेलं नाही. सुरुवातीला वजनाने साधारण ७० टक्के हायड्रोजन होता, केंद्रात आता त्याच्या निम्माच उरलाय, बाकी हेलियम झालं. चार कणांच्या जागी एक आला की तेवढ्याच तापमानाला दाब कमी पडतो, म्हणून गाभा हळूहळू आकसत दाट होत गेला, आणि त्यापायी सूर्य जन्मापासून आजवर साधारण ३० टक्के अधिक तेजस्वीही झालाय. बाहेरच्या बाजूला उकळणारा थर आहे तिथे एन ३ नाही, १.५ लागतो.

पुढची पायरी म्हणजे मेसा नावाचा कोड, फुकट मिळतो, त्यात चारही समीकरणं खऱ्या अपारदर्शकतेसकट सुटतात. एक सूर्यवस्तुमानाचा तारा जन्मापासून ४६० कोटी वर्षांपर्यंत चालव आणि दर ५० कोटी वर्षांनी केंद्र-सरासरी घनतेचं गुणोत्तर लिहून ठेव. लिनक्स लागेल, बसवताना अडलं तर बडोद्याच्या दादांना विचार, मला त्यातलं कमी कळतं. आकडे आले की इथेच टाक.

---

मांडवीकर_बडोदा

मेसाचं मी बघतो. लॅपटॉपची रॅम किती आहे आणि विंडोज आहे का ते आधी सांग, त्यावर ठरेल थेट लिनक्स टाकायचं की विंडोजच्या आतच चालवायचं.